भाचीची सायकल, डिस्क ब्रेक आणि पूर्ण मडगार्ड: एका पावसाळ्याचं प्रकरण

सुतार गेरूत दोरी बुडवून फळीवर आखतो ना, तशी रेघ. कमरेपासून थेट मानेपर्यंत, मधोमध. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भाची विद्यापीठातून घरी आली ती पाठीवर ही रेघ घेऊन. वर कुरकुर अशी: "मी रेनकोट घालतो की मामा, पण आत घाम आणि बाहेर चिखल. वर्गात बसू कुठं?"

तिचं जाणं-येणं कोल्हापुरातल्या गंगावेशीतून विद्यापीठापर्यंत. सायकल हायब्रिड म्हणतात त्या जातीची. अॅल्युमिनियमची फ्रेम, सस्पेन्शन नसलेला सरळ चिमटा, ७००-सी चाकं, ३८ मिलिमीटरचे टायर. पुढं-मागं केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, १६० मिलिमीटरच्या चकत्या. फ्रेम सगळ्यांत लहान मापाची, कारण भाची पाच फुटांना दोन बोटं कमीच. सायकल घेतली मार्चमध्ये, आणि मार्चमध्ये मडगार्डची आठवण कुणाला होते?

जुन्या काळ्या सायकलीला हा प्रश्नच पडत नव्हता. अठ्ठावीस इंची चाक, दांडीचे ब्रेक, पत्र्याचं मडगार्ड, सगळं एकाच कागदावर आखलेलं. दुधाचे कॅन लावून ती सायकल उसाच्या बांधावरून जायची आणि मडगार्ड जागचं हलायचं नाही. आताच्या हायब्रिडला मडगार्ड नंतर लावायचं असतं, आणि नंतर लावायची वस्तू नेहमी आधीच बसलेल्या कशाला तरी आडवी येते. इथं आडवा आला कॅलिपर, म्हणजे ब्रेकचा तो भाग जो पॅडांनी डिस्क पकडतो.

मी सायकल मेस्त्री नाही. गोकुळ शिरगावला एका मशीनशॉपमध्ये तपासणीला आहे, म्हणजे दिवसभर हातात व्हर्निअर. तेव्हा पुढचं लिखाण मापांच्या अंगानं जाईल.

पहिला प्रयत्न

भाचीनं मला विचारलं नाही. परस्पर एका दुकानातून ५० मिलिमीटर रुंदीचं प्लास्टिकचं जोडमडगार्ड बसवून घेतलं. रुंदी बरोबर होती. टायरपेक्षा मडगार्ड आठ-दहा मिलिमीटर तरी रुंद हवं, नाहीतर पाणी कडेनं निसटतं. बसवायला अर्धा तास लागला म्हणाली. तिथंच मला शंका यायला हवी होती.

तीन आठवड्यांनी तिनं तीन तक्रारी सांगितल्या, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं तिला वाटत नव्हतं. चेन मागच्या सगळ्यांत लहान दातेरी चकतीवर गेली की टिक-टिक आवाज येतो. पुढचं मडगार्ड टायरला घासतं, ढकललं की तासभर गप्प, मग पुन्हा सुरू. आणि तिसरी तक्रार तिनं सहज बोलता बोलता सांगितली: विद्यापीठाच्या टेकाडावरून उतरताना पुढचा ब्रेक "जरा कमीच लागतोय".

पहिल्या दोन तक्रारी रविवारपर्यंत थांबल्या असत्या. तिसरी ऐकल्यावर मी त्याच रात्री सायकल उलटी केली.

डाव्या बाजूला काय झालं होतं ते बघताक्षणी कळलं. मडगार्डला धरून ठेवणाऱ्या लोखंडी तारा असतात, आमच्याकडे त्यांना काड्याच म्हणतो. पुढच्या मडगार्डच्या काड्या चिमट्याच्या टोकाला असलेल्या कानातून निघतात आणि मागं, वर, मडगार्डकडे जातात. नेमक्या त्याच वाटेवर, चिमट्याच्या डाव्या पायामागं, डिस्कचा कॅलिपर बसलेला असतो. उजवीकडे रान मोकळं. दुकानदारानं डावी काडी हातानं बाहेर वाकवून कॅलिपरवरून कशीबशी नेली होती. केबलचे ब्रेक असले की कॅलिपरला बाहेरून एक आखूड दांडी असते. लिव्हर दाबला की केबल ती वर ओढते, आणि ती फिरल्यावर पॅड डिस्कवर दाबले जातात. ती दांडी अर्ध्यात येऊन काडीला टेकत होती. लिव्हर हाताला घट्ट लागायचा, म्हणजे ब्रेक लागल्यासारखं वाटायचं. पण ते घट्टपण पॅडचं नव्हतं, काडीचं होतं.

दुकानदाराला दोष देण्यात मला फारसं स्वारस्य नाही. त्यानं सायकल उभी असताना बघितली, ब्रेक न दाबता. दांडी हलते हे लक्षात घेतलं नाही, एवढंच.

बोल्ट सोडला तेव्हा

मी डाव्या काडीचा बोल्ट सोडला आणि काडी टुणकन बाहेर उडाली. व्हर्निअर लावला तर कानापासून तब्बल २६ मिलिमीटर लांब जाऊन थांबलेली. म्हणजे तीन आठवडे ही काडी मडगार्डला सतत ओढून धरत होती. मडगार्ड टायरला का घासत होतं, ढकलल्यावर पुन्हा जागेवर का येत होतं, याचं उत्तर तिथं हवेत लटकत होतं.

आणि मग चीर दिसली. चिमट्याच्या डोक्याखाली मडगार्डला रिव्हेटनं जोडलेली पट्टी असते. त्या रिव्हेटपासून निघून कडेकडे चाललेली चीर, दहा-बारा मिलिमीटर लांब. प्लास्टिक असो की बिडाचं कास्टिंग, बसवतानाच ताण कोंडला आणि वर रोजचे हादरे दिले, की जिथं भोक असतं तिथून ते तडकतं. कारखान्यात हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या महिन्यात सांगतो. घरच्या सायकलीत मात्र तीन आठवडे माझ्या लक्षात आलं नाही.

म्हणून मी ठरवलं की कॅलिपरला वळसा कसा घालायचा हा प्रश्न नंतर. आधी मडगार्ड एकही काडी न लावता, आपल्या आपण जिथं उभं राहायला हवं तिथं उभं करायचं. मग प्रत्येक काडी अशी घडवायची, की तिचं टोक कानाच्या भोकासमोर कुणी न ओढता येऊन थांबेल. बोल्टानं काडी फक्त धरायची, तिला ओढून आणायची नाही.

आधी चिरीचा बंदोबस्त. चिरीच्या टोकाला ३ मिलिमीटरचं भोक पाडलं. टोकदार चीर पुढं पळते, गोल भोकाशी आली की थांबते. वरून पातळ अॅल्युमिनियमची पट्टी दोन रिव्हेटनं. दिसायला ठिगळ, भाचीनं नाक मुरडलं, पण नवं मडगार्ड घ्यायला तीही तयार नव्हती.

गवंड्याची नळी

टायर आणि मडगार्ड यांच्यात सगळीकडे सारखी फट ठेवायची तर डोळ्यांवर विसंबून चालत नाही. मी शेजारच्या गवंड्याकडून लेव्हल बघायच्या पारदर्शक नळीचा तुकडा मागून आणला. बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर. त्याचे तुकडे करून टायरवर चार ठिकाणी आडवे चिकटपट्टीनं लावले, मडगार्ड वरून टेकवलं आणि दोरीनं हलकं बांधलं. झालं, फट सगळीकडे बारा. आता मडगार्ड कुणाचंही देणं लागत नव्हतं.

मागं एक अडचण निघाली. सीटखालच्या आडव्या पुलाला मडगार्डसाठी आटे पाडलेलं भोक होतं, पण पॅडलमागच्या खालच्या पुलाला काहीच नव्हतं. शिवाय तो पूल टायरपासून बराच लांब. दुकानदारानं तिथं झिप-टाय आवळून मडगार्ड पुलाकडे ओढून घेतलं होतं. म्हणजे मागंही तोच ताण, फक्त दिशा निराळी. मी मधली जागा मोजली, १७ मिलिमीटर. जुन्या रबरी बुशचा तेवढा तुकडा कापून मध्ये घातला, मडगार्डला दोन बारीक भोकं पाडली आणि झिप-टाय त्यातून घेतला. आता आवळलं तरी ओढ नाही.

उद्यमनगरात

पुढच्या डाव्या बाजूला काडी कॅलिपरच्या बाहेरून न्यायची तर कान आणि काडी यांच्यात स्पेसर हवा, म्हणजे अंतर राखणारं नळकांडं. सायकलवाले इथं वायसरची चळत लावतात. पाच-सहा वायसर एकावर एक, मधून लांब बोल्ट. वाईट दिसतं म्हणून नव्हे, पण मला ते पटत नाही. प्रत्येक वायसर किंचित वाकडा असतो, वाकडेपणा साठत जातो, बोल्ट कितीही आवळा, चळत बसत राहते आणि आठवड्याभरात ढिली होते. नायलॉनचा स्पेसरही नको. दाबाखाली नायलॉन हळूहळू चेपतं आणि बोल्टाची पकड जाते. एकसंध धातूचा, दोन्ही तोंडं काटकोनात असलेला आणि जमेल तेवढा जाड स्पेसर घ्यायचा. काडीचा भार बोल्ट वाकवू पाहतो. स्पेसरचं रुंद तोंड कानावर सपाट बसलं तर तो भार तोंडावर जातो, बोल्टाला फक्त आवळून धरायचं काम उरतं.

कोल्हापुरात हे करून घ्यायला फार हिंडावं लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात शेडला शेड लागून लेथ चालतात. ओळखीच्या टर्नरकडे गेलो. त्याला चित्र दिलं, मापात किती फरक चालेल त्या टॉलरन्ससकट: अॅल्युमिनियम, बाहेरचा व्यास १२, आत ५.२ चं भोक, लांबी १८. चार नग. त्यानं चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"सायकलला? आणि ह्याला टॉलरन्स घातलायसा?"

"तोंडं काटकोनात पाहिजेत, बाकी सोडा."

"आवं, आमच्यात तोंड वाकडं केलं तर मालक ठेवंल व्हय?"

चहा यायच्या आत चारही नग हातात. दीडशे रुपये घेतले, ते पण मी आग्रह केला म्हणून. दोन नग पुढच्या दोन्ही बाजूंना. उजवीकडे खरं तर गरज नव्हती, पण दोन्हीकडच्या काड्या सारख्या कोनात गेल्या की मडगार्ड मध्यावर राहायला सोपं जातं. उरलेले दोन डब्यात.

नुसत्या १८ नं भागलं नाही. दांडी पूर्ण फिरली की आणखी सहा-सात मिलिमीटर हवेत. स्पेसर २५ चा करता आला असता, पण लांबी वाढली की कानावर पडणारा पीळही वाढतो, आणि कान अॅल्युमिनियमचा. म्हणून उरलेली जागा काडीतून काढली: व्हाइसमध्ये धरून कॅलिपरच्या उंचीवर दोन उलटसुलट वाक, सपाट ताणलेल्या झेडसारखे. व्हाइसच्या जबड्यांना तांब्याच्या पट्ट्या लावल्या होत्या. पकडीनं वाकवलं की काडीवर दातांचे ओरखडे उठतात आणि काडी पुढं कधीतरी तिथूनच तुटते. तीनदा वाकवली, तीनदा लावून बघितली. चौथ्यांदा टोक भोकासमोर येऊन गप्प उभं राहिलं.

काडी कॅलिपरच्याच बोल्टाखाली घ्यावी असा सल्ला मला एकानं दिला. लांबी वाचते, स्पेसर लागत नाही. पण त्या बोल्टावर ब्रेकचा सगळा जोर असतो, आणि मडगार्ड दिवसभर थरथरत असतं. थरथरणारी वस्तू ब्रेकच्या बोल्टाखाली मी आवळणार नाही.

मागची डावी बाजू

मागचा कॅलिपर सीटकडून एक्सलकडे येणाऱ्या नळीच्या बाहेरच्या अंगाला होता. काही सायकलींत तो दोन नळ्यांच्या बेचक्यात, आतल्या अंगाला असतो. त्या सायकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल, त्यांच्या काड्या सरळ जातात. आमच्याकडे मात्र कानातून निघणारी काडी कॅलिपरच्या पोटातच शिरत होती.

इथं स्पेसरही नको आणि वाकही नको असं ठरवलं. डाव्या काडीचा कानच बदलला. कॅलिपरच्या वर, नळीवर, आतून रबर लावलेली पी-क्लिप बसवली. डिझेलच्या नळ्या चॅसिसला धरून ठेवायला असतात त्या क्लिपा, ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतात. नळी मोजली तर १६ मिलिमीटर, पण खाली निमुळती होत जाते, म्हणून आत जुन्या ट्यूबचा एक वेढा दिला. ब्रेकची केबल त्याच नळीवरून खाली येते. तिला क्लिपेच्या बाहेर ठेवलं. क्लिपेत चेपली असती तर ब्रेक जड झाला असता, आणि त्याचं खापर पुन्हा कॅलिपरवर फुटलं असतं.

परिणामी डावी काडी आखूड आणि उंचावरून निघालेली, उजवी लांब आणि खालून. मागून बघितलं की सायकल एका खांद्यावर पिशवी घेतल्यासारखी दिसते. भाचीच्या मैत्रिणी हसल्या म्हणे. हसू दे.

उजवीकडची टिक-टिक दोन मिनिटांचं काम निघालं. बोल्ट कानातून आत साडेचार मिलिमीटर बाहेर येत होता आणि चेन लहान चकतीवर गेली की त्याच्यावर आपटत होती. हॅक्सॉनं कापला, कानस मारली, टोक कानाच्या आतल्या अंगाशी सपाट. सगळे बोल्ट एम-५, स्टेनलेस. अॅल्युमिनियमच्या कानात स्टेनलेस बोल्ट कोरडा घातला की पाण्यात काही महिन्यांनी असा चिकटतो की काढताना आटे घेऊनच बाहेर येतो. म्हणून कानातल्या आट्यांना ग्रीस. जिथं नट आहे तिथं आत नायलॉनचं कडं असलेला नट, आठ नंबरच्या पान्यानं.

हे सगळं करताना दोन्ही डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या होत्या. ग्रीसचं बोट किंवा स्प्रेचा एक फवारा चकतीवर गेला की पॅड ते पिऊन टाकतात. मग ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. पॅड बदलल्याशिवाय बहुधा सुटका नसते.

ब्रेक दाबून

सगळं आवळून झाल्यावर भाचीला सीटवर बसवलं. दोन्ही लिव्हर जितके दाबता येतील तितके दाबायला सांगितले आणि मी खाली टॉर्च घेऊन. दांडी पूर्ण वर गेल्यावर काडीपासून ५ मिलिमीटर लांब. पॅड झिजले की दांडी आणखी वर जाणार, म्हणून पॅड मुद्दाम डिस्कपासून लांब सरकवून पुन्हा बघितलं. तरी ३ मिलिमीटर उरले. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवलं.

इथं एक गोष्ट निघाली, तिचा मी विचारच केला नव्हता. फ्रेम लहान, त्यामुळं पॅडल आणि पुढचं चाक जवळजवळ. मडगार्ड लागल्यानं ते अंतर आणखी कमी झालं. हळू चालवताना हँडल जास्त वळवलं आणि पॅडल पुढं असलं की चपलेचं टोक मडगार्डला लागतं. यावर उपाय नाही. काड्यांची बाहेर आलेली टोकं कापून त्यावर रबरी टोप्या घातल्या, म्हणजे किमान बोट कापणार नाही. बाकी तिला अंगणात दहा-बारा चकरा मारायला लावून पायाला सवय करून दिली.

दुसरी उणीव पुढच्या काड्यांची. एसकेएससारख्या जर्मन मडगार्डांत पुढच्या काड्यांना जोरानं ओढलं की सुटणाऱ्या क्लिपा असतात. कारण चाक मागच्या अंगानं वर जात असतं. एखादी काटकी मडगार्डच्या खालच्या टोकातून आत शिरली, तर टायर तिला वर ओढतो, मडगार्ड चिमट्याच्या डोक्याशी दुमडतं आणि पुढचं चाक जागीच अडकतं. आमच्या किटमध्ये तसल्या क्लिपा नाहीत. पुढच्या वेळी त्या घ्यायच्या, हे वहीत लिहून ठेवलंय.

पुढच्या मडगार्डला खाली झडप हवीच, नाहीतर पाठ कोरडी आणि बूट ओले. मी आधी हौसेनं चांभारगल्लीतून कोल्हापुरी चपलेच्या तळव्याचा कातडी तुकडा आणला. दोन पावसांत तो पाणी पिऊन फुगला आणि वाळल्यावर पापडासारखा वळला. मग ट्रकच्या ट्यूबचा तुकडा लावला, जमिनीपासून चार बोटं वर. त्याहून खाली नेला तर पायरी उतरताना चाकाखाली येतो.

श्रावणानंतर

पहिल्या आठवड्यानं सगळे बोल्ट पुन्हा आवळून बघितले. मागच्या पी-क्लिपेचा पाव आटा ढिला झाला होता, तिथं आटे सुटू न देणारं निळं लॉक्टाइट घातलं. बाकी जागच्या जागी. गणपतीपर्यंत सायकल रोज चालली. चीर ठिगळाखाली होती तेवढीच राहिली. पाठीवरची रेघ गेली, ब्रेक टेकाडावरून उतरताना पूर्वीसारखा लागायला लागला. चेनवरही फरक दिसला. पुढच्या चाकाचं गढूळ पाणी थेट चेनवर यायचं बंद झालं, त्यामुळं तेल तीन दिवसांऐवजी आठवडा टिकू लागलं.

मग एका शनिवारी फोन आला. भाची आंबेवाडीला मैत्रिणीकडे गेली होती आणि येताना उसाच्या वाटेनं आली. तिकडची माती काळी. पन्हाळ्याकडची तांबडी माती ओली झाली तरी बऱ्यापैकी सुटते, काळी माती टायरला लगद्यासारखी चिकटते आणि प्रत्येक फेरीत थर वाढत जातो. बारा मिलिमीटरची फट दीडशे पावलांत भरली. मागचं चाक फिरेना. तिनं उसाचं वाळलेलं पाचट गुंडाळून ती माती खरवडून काढली आणि सायकल खांद्यावर घेऊन डांबरीपर्यंत आली.

रात्री मी हिशोब मांडला. चिमट्याच्या डोक्याखाली टायरपासून एकूण २१ मिलिमीटर जागा आहे. त्यात मडगार्डची जाडी आणि पट्टी गेली की जेमतेम चौदा-पंधरा उरतात. म्हणजे फट वाढवायला फार वाव नाही. ३८ ऐवजी ३२ चा टायर घातला तर उंचीत आणखी पाच-सहा मिलिमीटर मिळतील, मडगार्ड आहे तेच चालेल, काड्यांना हात लावायला नको. तिला सांगितलं.

"आणि खड्ड्यांत बसणारे दणके कोण खाणार, मामा? ३८ चाच राहू दे. मी उसातनं येत नाही."

उरलेले दोन स्पेसर अजून डब्यात आहेत.